युजीन आत्जे : दुकानांच्या पाट्यांचा संग्राहक

शहरांतून जाणारा मनुष्य एका दिवसांत किती पाट्या वाचतो याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. दुकानाचें नांव, मालाचा भाव, नाटकाची जाहिरात, 'येथें कागद चिकटवूं नयेत' अशी भिंतीवरची ताकीद, हें सारें डोळ्यांवरून जातें आणि काम झालें कीं विसरलें जातें. दुकान उठलें कीं पाटी उतरते; खेळ संपला कीं त्याच्या कागदावर दुसऱ्या खेळाचा कागद चढतो. म्हणूनच एखाद्या जुन्या शहरांतील राजवाडे कसे होते हें सांगणारीं पुस्तकें मुबलक सांपडतात. परंतु त्याच शहरांतला पाववाला आपल्या दारावर काय लिहीत असे, तो पाव कांचेमागें कसे मांडीत असे, हें सांगणारें साधन क्वचितच हातीं लागतें. पॅरिस शहराच्या बाबतींत असें साधन उपलब्ध आहे, आणि तें बव्हंशीं एकाच माणसाच्या पायपिटीमुळें उपलब्ध झालें आहे. त्या माणसाचें नांव युजीन आत्जे.

आत्जेच्या आधीं पाट्या व जाहिराती छायाचित्रांत आल्याच नव्हत्या असें मात्र नाहीं. कागदावर छायाचित्र घेण्याची पद्धति इंग्लंडांत शोधून काढणारा हेन्री फॉक्स टॅल्बट यानें १८४४ सालीं लंडनच्या ट्रफाल्गर चौकांत नेल्सनचा स्तंभ उभारला जात असतांना त्याचें चित्र घेतलें. चित्राचा विषय स्तंभ. परंतु बांधकामाभोंवतीं घातलेल्या फळ्यांच्या कुंपणावर जाहिरातींचे कागद दाटीनें चिकटविलेले त्यांत दिसतात, आणि आजचा पाहणारा स्तंभ सोडून तेच वाचूं लागतो. जॉन टॉमसन यानें १८७७-७८ सालीं लंडनच्या रस्त्यांवरील गोरगरिबांचीं जीं चित्रें प्रसिद्ध केलीं, त्यांत भिंतीवर जाहिराती चिकटविणारे मजूर आहेत. पॅरिसमध्येंच शार्ल मारव्हिल यानें १८६० नंतरच्या वर्षांत, नवे रुंद रस्ते काढण्यासाठीं ज्या गल्ल्या पाडावयाच्या होत्या त्यांचीं चित्रें नगरपालिकेसाठीं घेतलीं. त्या गल्ल्यांच्या भिंतींवरही रंगविलेलीं नांवें व जाहिराती आहेत. परंतु या सर्वांच्या चित्रांत पाटी आली ती वाटेंत होती म्हणून, किंवा माणसांच्या सोबतीनें. पाटीच्या समोर जाऊन उभें राहणें, तिचा घर-क्रमांक लिहून ठेवणें आणि असें वर्षानुवर्षें करीत राहणें, हें आत्जेनें केलें.

त्याचा जन्म १८५७ सालीं फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागांतील लिबूर्न या गांवीं झाला. आईबाप लहानपणींच वारले. तरुणपणीं त्यानें कांहीं काळ जहाजावर नोकरी केली. पुढें नट व्हावें या हौसेनें तो पॅरिसला आला व १८७९ सालीं तेथील संगीत व नाट्यशिक्षणाच्या सरकारी विद्यालयांत त्याला प्रवेश मिळाला. परंतु त्याच सुमारास सक्तीची लष्करी नोकरीही करावी लागत असल्यामुळें अभ्यास नीट होईना, आणि दोन वर्षांनीं विद्यालय सुटलें. मग फिरत्या नाटकमंडळ्यांतून दुय्यम भूमिका. त्याच धंद्यांत व्हालांतीन या नटीशीं त्याची गांठ पडली, ती जन्मभर टिकली. पुढें घशाच्या विकारानें रंगभूमीही सुटली. कांहीं दिवस चित्रें रंगवून पाहिलीं. तेंही साधलें नाहीं. तिशी उलटल्यावर त्यानें कॅमेरा हातीं धरला तो पोटासाठीं.

पोटासाठीं म्हणजे काय, हें थोडें उलगडून सांगितलें पाहिजे. त्या काळीं चित्रकाराला झाडाचें खोड, गाडीचें चाक किंवा जुन्या दाराची कडी काढावयाची असली तर समोर नमुना लागे, आणि प्रत्येक वेळीं नमुन्यापाशीं जाऊन बसणें परवडत नसे. अशा लोकांना छायाचित्रें पुरविणें हा आत्जेचा व्यवसाय. १८९९ पासून तो मोंपार्नास भागांतील कांपान्य-प्रमियेर या रस्त्यावर राहूं लागला. तेथें त्याच्या दारावर जी पाटी होती तिचा अर्थ इतकाच : 'कलावंतांसाठीं साधनचित्रें'. तो स्वतःला कलावंत म्हणवीत नसे. त्याच्या नोंदवहींत गिऱ्हाइकांचीं नांवें, त्यांचे पत्ते व त्यांचे धंदे लिहिलेले आहेत. त्यांत चित्रकार आहेत तसे नाटकाचे पडदे रंगविणारे, घरें सजविणारे व इतर कारागीरही आहेत. भाजीवाल्याला आपल्या वाडीवरच्या गिऱ्हाइकांची जितकी माहिती असते, तितकी आत्जेला आपल्या गिऱ्हाइकांची होती.

१८९७-९८ च्या सुमारास त्याच्या धंद्याला एक नवें वळण मिळालें. जुन्या पॅरिसची पाडापाड पाहून लोकांच्या मनांत हळहळ उत्पन्न झाली होती, आणि १८९७ सालीं नगरपालिकेनें जुन्या वास्तूंची नोंद ठेवण्यासाठीं एक समिति नेमली. कार्नाव्हाले हें नगरीचें वस्तुसंग्रहालय, नगरपालिकेचें ऐतिहासिक ग्रंथालय, राष्ट्रीय ग्रंथालय, इतकेंच काय, लंडनचें व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय, हीं सर्व आत्जेचीं गिऱ्हाइकें झालीं. जें नाहींसें होत आहे त्याला बाजार आहे, हें या धंदेवाईक माणसानें ओळखलें.

आणि नाहींशा होणाऱ्या वस्तूंत जुन्या पाट्यांचा क्रम वरचा होता. पॅरिसच्या घरांना आजच्या पद्धतीचे क्रमांक १८०५ सालीं मिळाले. तत्पूर्वीं पाटी हाच पत्ता. 'सोनेरी सिंहाच्या शेजारीं', 'तीन कबुतरांच्या समोर', असें सांगितलें कीं निरोप्या घर शोधीत असे. बहुसंख्य लोकांना वाचतां येत नसल्यामुळें पाटीवर अक्षरांपेक्षां चित्राचें महत्त्व अधिक. हे फलक लोखंडी दांड्यांवरून रस्त्याच्या मधोमध लोंबत असत. दुकानदार एकमेकांवर ताण करण्यासाठीं ते मोठमोठे करीत, वाऱ्यानें ते कुरकुरत, रात्रीं दिव्यांचा उजेड अडवीत आणि कधीं डोक्यावर पडण्याची भीति. अखेर १७६१ सालीं पोलीस खात्याचा मुख्य सार्तीन यानें सर्व पाट्या भिंतीला सपाट लावाव्या असा हुकूम काढला. आत्जे हिंडूं लागला तेव्हां या जुन्या विद्येचे अवशेष तेवढे उरले होते : भिंतींत बसविलेलें दगडी कोरीव काम, दारावरची एखादी मूर्ति, आणि दारूच्या गुत्त्यांच्या दर्शनी भागावरील घडीव लोखंडाच्या नक्षीदार जाळ्या. सेन नदीच्या बेटावरील 'फ्रांक पिनो' या गुत्त्याची जाळी, 'सशस्त्र पुरुष' या नांवाच्या दुकानाची जाळी, हीं चित्रें त्यानें घेतलीं तीं लोहारकाम व जुन्या पाट्यांचे शौकीन यांना विकण्यासाठीं.

त्याची काम करण्याची रीत त्याच्या काळींही जुनाट समजली जात होती. हातांत मावणारे छोटे कॅमेरे बाजारांत आले होते. आत्जे मात्र अखेरपर्यंत लांकडी पेटीचा, चामड्याच्या भात्याचा मोठा कॅमेरा वापरीत राहिला. १८ बाय २४ सेंटिमीटरच्या कांचा, त्यांच्या चौकटी, तिवई आणि काळें कापड असा पंधरा-वीस किलोंचा बोजा खांद्यावर घेऊन तो बाहेर पडे, अनेकदां अगदीं सकाळीं, रस्ते रिकामे असतांना. इमारतीचा वरचा भाग आंत यावा म्हणून तो भिंग वर सरकवी. ते मर्यादेबाहेर सरकलें कीं चित्राच्या वरच्या कोंपऱ्यांत काळी कमान उमटे. ही कमान त्याच्या कित्येक चित्रांत आहे, आणि ती झांकण्याची त्यानें कधीं तसदी घेतली नाहीं. गिऱ्हाइकाला पाटी पाहिजे होती, आकाश नव्हे. कांच कागदावर ठेवून तो उन्हांत प्रत छापी आणि मागें पेन्सिलीनें रस्त्याचें नांव व घराचा क्रमांक लिही. अशा आठ हजारांहून अधिक कांचा त्यानें आयुष्यांत तयार केल्या.

आतां या चित्रांत नेमकें काय आहे तें पाहावें. तूर्नेल घाटावरील ६३ क्रमांकाच्या घरांत 'ढोल' या नांवाचा एक गुत्ता होता. त्याचें चित्र १९०८ सालचें आहे. लोखंडी नक्षी आहे, नांव आहे, दार आहे. परंतु दाराच्या कांचेमागें माणसांचे चेहरे आहेत. हा म्हातारा आपल्या दुकानासमोर तिवई कशासाठीं लावीत आहे, हें पाहण्यासाठीं ते कांचेशीं आले असावे. आणि त्याच कांचेंत तिवईवरचा कॅमेराही उमटला आहे. एका कांचेवर तीन थर : दुकानाचें नांव, आंतलीं माणसें आणि बाहेरचा छायाचित्रकार. यांपैकीं पहिला थर विकण्यासाठीं होता. बाकीचे दोन आपणहून आले. जुन्या पाट्यांचा कोणताही ग्राहक हें चित्र घेतांना त्या चेहऱ्यांचे पैसे देत नव्हता. परंतु शंभर वर्षांनंतर नजर प्रथम तेथेंच जाते.

कांचेची ही खोड आत्जेच्या लक्षांत आलीच नसेल, असें मानणें कठीण आहे. दुकानाच्या दर्शनी कांचेचें चित्र घेतांना प्रतिबिंब टाळण्याचे उपाय प्रत्येक व्यावसायिकाला ठाऊक असतात. तिरपें उभें राहावें, वेळ बदलावी, मागें काळें कापड धरावें. आत्जेनें हे उपाय अनेकदां केले नाहींत. १९१२ सालीं त्यानें स्ट्रासबूर बुलेव्हारवरील एका कॉर्सेटच्या दुकानाचें चित्र घेतलें. कॉर्सेट म्हणजे कंबर आंवळून धरणारी ताठ चोळी. कांचेमागें बिनडोक्याचीं धडें ओळीनें उभीं आहेत, प्रत्येकावर एकेक चोळी चढविलेली. आणि दाराशीं टांगलेली एक चोळी वाऱ्यानें हलल्यामुळें पुसट झाली आहे. सर्व चित्र दगडासारखें स्थिर आणि तेवढी एक वस्तु जिवंत. दुसरा छायाचित्रकार असता तर वारा पडेपर्यंत थांबला असता. याहून पुढचें चित्र १९२५ सालचें आहे. गोब्लँ मार्गावरील तयार कपड्यांच्या दुकानांत मेणासारख्या चेहऱ्यांचे पुरुष-पुतळे कोट घालून, गळ्यांत किंमतीच्या चिठ्ठ्या अडकवून, हंसत उभे आहेत. आणि समोरची मोठी इमारत व झाडें यांचें प्रतिबिंब त्यांच्या अंगावरून असें पसरलें आहे कीं दुकान रस्त्यांत आहे कीं रस्ता दुकानांत, हें पाहणाऱ्याला कांहीं क्षण उमगत नाहीं. येथें जुनी लोखंडी जाळी नाहीं कीं इतिहासकाराला हवी अशी कोणतीच वस्तु नाहीं. हें चित्र कोणत्या गिऱ्हाइकासाठीं घेतलें असावें, याचें सरळ उत्तर देतां येत नाहीं. साठी उलटलेला हा माणूस आतां आपल्या धंद्याच्या पलीकडे कांहीं पाहूं लागला होता, एवढें मात्र त्यावरून दिसतें.

भिंतीवरील जाहिरातींची गोष्ट थोडी निराळी. १८८१ च्या जुलै महिन्यांत फ्रान्समध्यें मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा झाला आणि भित्तिपत्रकें लावण्यावरचीं बंधनें बरींच सैल झालीं. त्याच कायद्यानें पांढऱ्या कागदावर काळी शाई ही फक्त सरकारी सूचनांसाठीं राखून ठेविली. म्हणून व्यापाऱ्यांचे कागद रंगीत. ज्याला आपली भिंत नीट राखावयाची असेल तो तीवर 'जाहिरात लावण्यास मनाई', आणि खालीं त्या कायद्याची २९ जुलै १८८१ ही तारीख रंगवी. आत्जेच्या चित्रांत ही तारीख वारंवार भेटते, आणि पुष्कळदां तिच्या शेजारींच कागदांचे थरावर थर साचलेले असतात. ज्यूल शेरे व तुलूझ-लोत्रेक यांच्यासारख्यांच्या सुंदर भित्तिपत्रकांचे संग्रह करणारे शौकीन त्याच काळीं निपजले होते. ते नवा कोरा कागद मिळवून पेटींत जपून ठेवीत. आत्जेचे कागद फाटलेले, पावसानें सुटलेले, अर्धे झांकलेले. त्याच्या कांचांना निळ्या रंगाची जाण अधिक व तांबड्याची अगदीं थोडी असल्यामुळें तांबडी अक्षरें काळीं ठिक्कर उतरलीं आणि निळीं फिकट झालीं. म्हणजे भित्तिपत्रकाचें जें मुख्य भांडवल, त्याचे रंग, तेंच या चित्रांत नाहीं. परंतु तें भिंतीवर कोणाच्या शेजारीं होतें, किती उंचीवर होतें, त्याच्या खालून कोणता जुना खेळ डोकावत होता, हें पेटींतल्या कोऱ्या कागदाला सांगतां येत नाहीं. या बाबतींत आत्जेचें फाटकें चित्र शौकिनांच्या संग्रहाहून सरस ठरतें.

१९१० ते १९१५ या वर्षांत त्यानें आपल्या चित्रांचे विषयवार आल्बम बांधले : एक घरांच्या अंतर्भागांचा, एक गाड्यांचा, एक शहराच्या तटबंदीचा, एक तटाबाहेर झोंपड्यांत राहणाऱ्या चिंध्या वेंचणाऱ्यांचा. १९१२ सालच्या एकांत धंदे, दुकानें व मालाची मांडणी आहे. १९१३ सालच्या एकाचें नांवच 'पॅरिसच्या पाट्या व जुनीं दुकानें'. हे आल्बम राष्ट्रीय ग्रंथालयानें घेतले. ऐतिहासिक ग्रंथालयानें १९०६ पासून सोंपविलेलें काम मात्र १९१२ सालींच बंद झालें होतें. मग महायुद्ध आलें. गिऱ्हाइकें आटलीं, आणि कांचा सुरक्षित राहाव्या म्हणून त्यानें त्या तळघरांत नेऊन ठेविल्या.

१९२० सालीं त्यानें ललितकला खात्याचे संचालक पॉल लेऑं यांना एक पत्र लिहिलें. आपण वीस वर्षांहून अधिक काळ स्वतःच्या हिंमतीवर जुन्या पॅरिसचा संग्रह केला, तो आतां पुरा झाला आहे, सारें जुनें पॅरिस आपल्यापाशीं आहे, असें त्यांत अभिमानानें सांगून पुढें तो लिहितो कीं आपलें वय सत्तरीकडे झुकलें आहे, मागें कोणी वारस नाहीं, आणि हा संग्रह ज्याला त्याची किंमत नाहीं अशाच्या हातीं पडून नष्ट होईल या काळजीनें आपल्याला चैन पडत नाहीं. त्याचें वय तेव्हां ६३ होतें. काळजीनें माणूस स्वतःला म्हातारा समजूं लागतो, कीं अधिकाऱ्याला दया यावी म्हणून त्यानें सात वर्षें वाढविलीं, हें ठरविणें अवघड आहे. नटाचा पूर्वीचा धंदा लक्षांत घेतां दुसरें अगदींच अशक्य नाहीं. सरकारनें २,६२१ कांचा १०,००० फ्रँकांस विकत घेतल्या. ही रक्कम हातीं आल्यावर आत्जे स्वस्थ बसला नाहीं. उलट आतांच तो मोकळा झाला. गोब्लँ मार्गावरचे हंसरे पुतळे, जत्रेंतले तंबू, उजाड बागा, हें सर्व यानंतरचें.

त्याच रस्त्यावर मॅन रे हा अमेरिकन चित्रकार-छायाचित्रकार राहात होता. त्यानें आत्जेचीं चाळीसएक चित्रें विकत घेतलीं व १९२६ सालीं त्यांतलीं कांहीं अतिवास्तववादी तरुणांच्या 'ला रेव्होल्यूसियों स्यूररेआलिस्त' या नियतकालिकांत छापविलीं. मुखपृष्ठावर १९१२ च्या सूर्यग्रहणाचें चित्र होतें : रस्त्यावर जमलेले लोक कांचा डोळ्यांना लावून एकाच दिशेला वर पाहात आहेत. संपादकांनीं त्याखालीं ग्रहणाचा उल्लेखही न करतां 'शेवटचीं धर्मांतरें' असा मथळा घातला. कॉर्सेटचें दुकानही त्याच अंकांत आलें. मॅन रे यानें पुढें सांगितलें कीं आत्जेनें आपलें नांव छापूं नये अशी अट घातली. हीं केवळ साधनचित्रें आहेत, असें त्याचें म्हणणें पडलें.

हा वाद अजून मिटलेला नाहीं. एका पक्षाच्या मतें आत्जे हा स्वतःची थोरवी न कळलेला कवि. दुसऱ्याच्या मतें तो ग्रंथालयांना माल पुरविणारा प्रामाणिक व्यापारी, आणि बाकीचें सारें पाहणाऱ्यांच्या डोक्यांतलें. जर्मन समीक्षक वाल्टर बेन्यामीन यानें १९३१ सालीं लिहिलेल्या निबंधांत त्याच्या रिकाम्या रस्त्यांना गुन्हा घडलेल्या जागेची उपमा दिली. ती अतिशय गाजली. परंतु तीही आत्जेला थोडी अन्यायच करते. गुन्ह्याच्या जागीं चित्र घेणारा पोलीस एकदां येतो व जातो. आत्जे एकाच गल्लींत दहा-वीस वर्षांच्या अंतरानें पुन्हां पुन्हां येत होता, आणि दरवेळीं कोणती पाटी उतरली, कोणती नवी चढली हें त्याच्या कांचांनीं नोंदविलें आहे. त्याचें 'साधनचित्र' हा शब्द नम्रतेचा म्हणून सोडून देण्यासारखा नाहीं. त्या शब्दांत क्रमांक लिहिण्याची शिस्त आहे. आणि ती शिस्त नसती तर कांचेमागचे ते चेहरे कोणत्या घरांतले, हेंही आज सांगतां आलें नसतें.

१९२६ च्या जूनमध्यें व्हालांतीन वारली. मॅन रे याची पूर्वींची साहाय्यक बेरेनिस ॲबट हिनें १९२७ सालीं खचलेल्या आत्जेला आपल्या स्टुडिओंत बोलावून त्याचीं चित्रें घेतलीं. छापून झालेल्या प्रती त्याला दाखवाव्या म्हणून ती त्याच्या घरीं गेली, तेव्हां दारावरची 'कलावंतांसाठीं साधनचित्रें' ही पाटी तिला दिसली नाहीं. चौकशी करतां तो वारल्याचें समजलें. ती तारीख ४ ऑगस्ट १९२७.

उरलेल्या कांचांपैकीं सुमारें दोन हजार फ्रान्सच्या ऐतिहासिक वास्तूंच्या खात्याकडे गेल्या. बाकीचा संग्रह आत्जेचा जुना नाटकांतला मित्र आंद्रे काल्मेत याच्यापाशीं होता. ॲबटनें त्याचा पिच्छा पुरवून १९२८ सालीं तो मिळविला : हजारावर कांचा व कित्येक हजार प्रती. ज्यूलियन लेव्ही या न्यूयॉर्कच्या कलाव्यापाऱ्याची तिला पैशाची मदत झाली. १९२९ सालीं तिनें हा सारा ठेवा अमेरिकेंत नेला व १९३० सालीं आत्जेचें पहिलें पुस्तक निघालें. न्यूयॉर्कला उतरल्यावर तिनें पाहिलें कीं तें शहरही पॅरिससारखेंच रोज पाडलें व बांधलें जात आहे. मोठा कॅमेरा घेऊन ती बाहेर पडली. १९३५ ते १९३९ या काळांत सरकारी मदतीनें तिनें त्या शहराची जी चित्रमाला केली, तींत बावरी रस्त्यावरील एका खानावळीची, पदार्थ व त्यांचे भाव यांनीं भरून गेलेली दर्शनी बाजू आहे, लोखंडी सामानानें फुटपाथपर्यंत ओसंडणारें दुकान आहे, आणि ब्लीकर रस्त्यावर २५९ क्रमांकाचें एक पावाचें दुकान आहे, ज्याच्या कांचेमागें गोल, लांब, वेणीसारखे पाव गच्च रचलेले आहेत. वॉकर एव्हान्स या तरुणानें आत्जेचीं चित्रें ॲबटकडेच पाहिलीं. अलाबामाच्या भिंतीवरचे फाटके सर्कशीचे व नाटकाचे कागद, सव्हानाच्या फोटोवाल्याच्या कांचेंतले शेंकडों छोटे चेहरे, हीं त्याचीं १९३६ सालचीं चित्रें त्यानंतरचीं.

ॲबटनें तो संग्रह चाळीस वर्षें संभाळला व १९६८ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयास विकला. १९१३ चा पाट्यांचा आल्बम पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांतच आहे. त्यांत साठ प्रती आहेत.